मीठ बघ जरा

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या घरी एक हाक हमखास ऐकू येते. आई चिवड्याच्या परातीपुढे बसलेली असते. सकाळपासून तिनं चकलीच्या भाजणीची चव घेतलेली असते, शेवेचं पीठ जिभेवर लावून पाहिलेलं असतं, कडबोळ्यांचा एक तुकडा मोडून तोंडात टाकलेला असतो. आणि चिवड्यावर मिठाची शेवटची चिमूट पडायच्या वेळी ती ओटीवर बसलेल्या कुणालाही हाक मारते, "अरे, जरा मीठ बघ रे!"

लहानपणी मला या हाकेचा अभिमान वाटायचा. चिवडा सर्वांआधी आपल्याला मिळतो, हे त्याचं उघड कारण. पण जरा जाणता झाल्यावर मला कोडं पडलं. जिच्या हाताच्या मापात कधी चूक होत नाही म्हणून सारी आळी जिला लग्नकार्यात बोलावते, तिनं माझ्यासारख्या पोराला मीठ कशाला विचारावं? एकदा मी तिला तसं विचारलंसुद्धा. झाऱ्यानं तेल निथळीत ती म्हणाली, "सकाळपासून मीठच चाखते आहे मी. आता माझी जीभ माझ्याच बाजूनं साक्ष देणार!"

मी हसलो आणि विसरून गेलो. या वाक्याचा अर्थ मला तीस-पस्तीस वर्षांनी कळला आणि तोही आईच्या स्वयंपाकघरात नव्हे, हजारो मैलांवर, एका काचेच्या टाकीपुढे.

२०२३ सालच्या मे महिन्याच्या सुट्टीत मी माझ्या भाच्याकडे अमेरिकेत, न्यू जर्सीला गेलो होतो. दिवसभर तो संगणकाच्या कामात बुडालेला असे. पण संध्याकाळ झाली की जेवणाआधी तळघरात उतरे आणि तास तास वर येत नसे. दुसऱ्या दिवशी मीही त्याच्यामागून खाली गेलो आणि पायरीवरच थबकलो.

तळघराच्या एका भिंतीशी तीनशे लिटरांची काचेची टाकी होती आणि टाकीत चक्क समुद्राचा तळ होता. खडकांवर हिरवी, जांभळी, केशरी पोवळी वाढली होती. त्यांची अंगं दगडाची, पण त्या दगडातून तान्ह्या मुलाच्या बोटांसारखी शेकडो मऊ बोटं बाहेर येऊन पाण्याबरोबर हलत होती. केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे त्यांतून लपंडाव खेळत होते. माझा जन्म मालवणच्या किनाऱ्यावर गेला. समुद्र माझ्या अंगणापर्यंत येतो. पण समुद्राच्या पोटात काय असतं हे मी पहिल्यांदा पाहिलं ते त्या परक्या तळघरात! आमच्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासही समुद्रतळाशी प्रवाळ आहेत. १९८७ पासून तो भाग सागरी अभयारण्य आहे. २००१ पासून तर आपल्या देशात दगडी प्रवाळांना वाघाच्या बरोबरीचं कायद्याचं संरक्षण आहे. तेव्हा ते उचलून घरी आणणं दूरच! भाच्याकडची पोवळी समुद्रातून खुडलेली नव्हती. आपल्याकडे जास्वंदीची फांदी एका अंगणातून दुसऱ्या अंगणात जाते, तशी तिकडचे शौकीन लोक आपल्या टाकीत वाढलेल्या पोवळ्यांचे तुकडे एकमेकांना देतात.

"आणि पाणी? समुद्रावरून आणतोस?" मी विचारलं.

तो हसला. "मामा, समुद्र पिशवीत मिळतो!"

नळाचं पाणी गाळून गाळून तो आधी अगदी निर्मळ करी. मग पिशवीतलं तयार मिश्रण त्यात विरघळवी. समुद्राचं मीठ म्हणजे आपल्या डब्यातलं मीठ नव्हे. त्यातल्या शंभर भाग क्षारांत पंचावन्न भाग क्लोराईड आणि तीस-एकतीस भाग सोडियम, हे खरं. पण उरलेल्या भागांत सल्फेट असतं, मॅग्नेशियम असतं, कॅल्शियम असतं, पोटॅशियम असतं. पोवळ्याला आपलं दगडी घर बांधायला त्यातलं कॅल्शियम लागतं. हे सारं मिळून एक किलो समुद्राच्या पाण्यात सुमारे पस्तीस ग्रॅम भरतं. पस्तीस हा या शौकाचा मूलमंत्र. गंमत अशी की हा आकडा एकदा साधून भागत नाही. टाकीतून रोज दोन-तीन लिटर पाणी उडून जातं, पण मीठ कधी उडत नाही, ते मागे राहतं. चिमूटभरही मीठ न घालता पाणी दिवसेंदिवस खारट होत जातं. म्हणून उडालं तेवढं गोडं पाणी रोज घालायचं आणि आठवड्याला मापून पाहायचं.

हे मापणं मी पाहिलं तेव्हा मला घरातल्या पूजेची आठवण झाली. रविवारी सकाळी आंघोळ करून तो खाली येई. वीतभर लांबीची एक दुर्बिणीसारखी नळी मखमली पेटीतून काढी. रिफ्रॅक्टोमीटर तिचं नाव. तिच्या टोकाशी तिरकी काच असते. त्या काचेवर पाण्याचे दोन थेंब टाकायचे, वरचं झाकण हलकेच मिटायचं आणि उजेडाकडे तोंड करून नळीला डोळा लावायचा. पाण्यात क्षार जितके जास्त, तितका प्रकाशाचा किरण त्यात अधिक वळतो. आत वर निळा आणि खाली पांढरा असे दोन पट्टे दिसतात आणि दोहोंच्या सीमेची रेघ आकड्यावर उभी राहते. त्यानं मला दाखवलं. रेघ पस्तीसावर होती. मग त्यानं वही उघडली. तारखांपुढे ओळीनं आकडे होते : पस्तीस, पस्तीस, पस्तीस. आठ महिन्यांचे रविवार त्या वहीत होते आणि एकही रविवार चुकलेला नव्हता.

"वा!" मी म्हणालो. शाळामास्तराला नीटनेटकी वही पाहिली की दुसरं काही सुचत नाही.

पण भाच्याचा चेहरा उतरलेला होता. "मामा, सगळं बरोबर आहे आणि तरी ही मरत आहेत."

मग मी नीट पाहिलं. कडेची दोन जांभळी पोवळी पांढरी पडत चालली होती. काहींची बोटं आत ओढलेली होती. एक समुद्रतारा होता, तो महिन्यापूर्वीच गेला होता. मासे मात्र खुशाल होते. भाच्यानं दिवे बदलले होते, खाणं बदललं होतं, पाण्याचा झोत वळवून पाहिला होता. सगळ्यांवर त्याचा संशय जाऊन आला होता. फक्त त्या नळीवर गेला नव्हता. कारण उघड होतं. जी वस्तू कधी बदलत नाही, तिच्यावर माणसाचा संशय जात नाही.

त्याच आठवड्यात त्याच्या ओळखीच्या एका जुन्या शौकीन गृहस्थानं त्याला एक छोटी कुपी पाठवली. तिच्यात ज्याची क्षारता नेमकी पस्तीस आहे असं पाणी होतं. या पाण्याचं काम एकच : माप मापायचं! भाच्यानं नळीच्या काचेवर त्याचे दोन थेंब टाकले, डोळा लावला आणि काही न बोलता नळी माझ्या हातात दिली. रेघ एकोणचाळीसावर होती.

याचा अर्थ त्याच्या नळीला पस्तीस एकोणचाळीस दिसत होते. म्हणजे जेव्हा ती पस्तीस सांगत होती, तेव्हा पाणी खरोखर होतं एकतीसाच्या घरात. आठ महिने न चुकता, एकाच रीतीनं, ती खोटं सांगत होती.

"पण मी ती दर महिन्याला तपासत होतो!" तो म्हणाला. ते खरंच होतं. अगदी शुद्ध पाण्याचा थेंब टाकून तो पाही आणि रेघ शून्यावर चोख उभी राही. मग चूक राहिली कुठे? त्यानं त्या संध्याकाळी मला ते समजावून सांगितलं. शास्त्र मी मॅट्रिकपर्यंतच शिकलो. पण हे मला कळलं आणि कळलं ते असं कळलं की त्या रात्री मला झोप आली नाही.

चुका दोन होत्या. पहिली अशी की शून्यावर खरी ठरलेली नळी पस्तीसावर खरी असेलच असं नाही. पट्टीच्या खुणा जवळजवळ आखल्या गेल्या असतील, तर आरंभी फरक दिसत नाही. जसजसं वर जावं तसतसा तो वाढत जातो. शुद्ध पाण्यानं ती कितीही वेळा तपासली तरी ती चूक सापडायची नाही. कारण टाकीतली पोवळी शून्याशी राहत नाहीत, पस्तीसाशी राहतात. माप तपासायचं ते जिथं जगायचं असतं, तिथं!

दुसरी चूक अधिक सूक्ष्म होती. अशा पुष्कळशा नळ्या मुळात समुद्रासाठी केलेल्याच नसतात. त्या साध्या मिठाच्या पाण्यासाठी, लोणची-खारवणाच्या धंद्यासाठी केलेल्या असतात. साधं मीठ किरणाला जितकं वळवतं, त्याहून समुद्रातले नाना क्षार त्याला किंचित अधिक वळवतात. एवढ्या एका कारणानं पस्तीसाच्या पाण्याला अशी नळी साडेछत्तीस म्हणते. ती बिघडलेली नसते, ती लबाडही नसते. ती एका मिठासाठी जन्मलेली असते आणि आपण तिला दुसऱ्या मिठाचा न्याय करायला बसवतो.

आणि मासे का खुशाल होते? तेही त्यानं सांगितलं. माशाच्या रक्तात समुद्राच्या सुमारे एक तृतीयांशच क्षार असतात. तो समुद्राचं पाणी पितो आणि जादा क्षार कल्ल्यांतून बाहेर टाकतो. बाहेर थोडं कमीजास्त झालं, तरी आतलं आपलं माप त्याला सांभाळता येतं. पोवळ्याला, समुद्रताऱ्याला हे साधत नाही. बाहेर जसं पाणी, तसंच त्यांच्या आत. मापातल्या चुकीचा दंड सगळ्यांना सारखा बसत नाही. ज्याला सावरून घेता येतं तो पोहत राहतो. ज्याला येत नाही तो मुकाट्यानं पांढरा पडतो. आणि पाहणारा पोहणाऱ्याकडे बोट दाखवून म्हणतो, पाणी ठीक आहे!

रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्या डोळ्यांपुढून ती वही हलेना. पस्तीस, पस्तीस, पस्तीस. आणि हळूहळू त्या वहीच्या जागी दुसरी एक वही दिसू लागली. ती माझी होती.

मी एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. गुण देण्यात मी कडक म्हणून प्रसिद्ध आहे आणि खरं सांगायचं तर त्या प्रसिद्धीचा मला गर्व होता. सरपंचाचा मुलगा असो की माझ्या मित्राची मुलगी असो, तोंड पाहून मी कधी अर्धा गुण दिला नाही. कुणी चहापाणी पुढे केलं तर तोंड फिरवलं. "मास्तरांचं माप एक" असं गावात म्हणत आणि मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करी. माप एकच होतं, यात शंका नाही.

२००६ साली नववीत बंदरावरचा एक मुलगा होता. बाप दर्यावर जाई. सहामाहीच्या पेपरात मी 'पावसाळ्यातील एक दिवस' हा निबंध घातला होता. पंचवीस-तीस मुलांनी काळे ढग, नाचरे मोर आणि हिरवा शालू लिहिला. आमच्या किनाऱ्यावर मोर कुठून आले, हे मी त्यांना विचारलं नाही. भाषा शुद्ध होती, मी सात-सात गुण दिले. या मुलानं दुसरंच लिहिलं होतं. नारळी पुनवेनंतर होड्या दर्यात गेल्या, वादळ झालं आणि बापाची होडी रात्रभर आली नाही. त्या रात्री आईनं चूल पेटवली नाही. पोरांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "तो इलो काय पेटवतलंय." आणि सगळी रात्र ती चुलीपुढे काडेपेटी हातात धरून बसून राहिली.

आज अठरा वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी ती काडेपेटी मला दिसते. पण तेव्हा मला काय दिसलं? ऱ्हस्वदीर्घाच्या चुका दिसल्या. मालवणी शब्द दिसले. 'आला' च्या जागी 'इलो' दिसलं. मी लाल शाईनं दहापैकी चार गुण दिले आणि खाली लिहिलं : "भाषा अशुद्ध. पुन्हा लिही." त्यानं पुन्हा लिहिलं नाही. त्या वर्षानंतर तो शाळेतही आला नाही. त्याच्या घरी अडचण होती, बंदरावर हातांची गरज होती, हे खरं. एका निबंधापायी मुलानं शाळा सोडली असं मी म्हणणार नाही. पण माझ्या लाल शाईचा त्यात काहीच भाग नव्हता, असंही मला आता म्हणवत नाही.

मी पक्षपात केला होता का? मुळीच नाही. आणि तिथंच तर सारी मेख आहे. पक्षपात केला असता तर तो कधीतरी खुपला असता. मी रोज शून्यावर स्वतःला तपासत होतो. लाच घेतली नाही, शून्य. ओळख पाहिली नाही, शून्य. रागलोभ धरला नाही, शून्य. या साध्या पाण्यात माझी रेघ नेहमी चोख उभी राही आणि मी समाधानानं पेटी मिटवी. जगातले बहुतेक सज्जन आपली सज्जनता अशीच तपासतात. आपण चोरी करत नाही, कुणाला मारत नाही, खोटी साक्ष देत नाही. पण आपलं आयुष्य काही चोरी आणि खून यांच्या शेजारी चाललेलं नसतं. ते चाललेलं असतं सुनेला काय म्हणावं, मोलकरणीला किती द्यावं, पोराच्या निबंधाला किती गुण द्यावे, असल्या खाऱ्या पाण्यात. तिथं आपलं माप कुणी तपासलेलं असतं?

शिवाय माझं माप ज्या मिठासाठी घडलं होतं, ते पुस्तकातलं मीठ होतं. बंदरावरच्या पोराची भाषा म्हणजे नाना क्षारांचा समुद्र. त्याला मी पुस्तकी मिठाची नळी लावली आणि तिनं सांगितलेला आकडा खरा मानला.

इथं कुणी विचारील : मग मास्तर, शुद्धलेखन शिकवायचंच नाही का? शिकवायचं, जरूर शिकवायचं. ते आलं नाही तर याच मुलाचा अर्ज उद्या कुठल्यातरी टेबलावरून परत येईल. ऱ्हस्वदीर्घ चुकले, तर चुकले म्हणून सांगावं आणि त्याचे ठरलेले गुण कापावे. पण वेलांटी मोजून त्यावरून काडेपेटीची किंमत ठरवायची नसते. मी तेच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला वाटलं, भाचा आता मिठाची पिशवी फोडून टाकीत ओतणार. चार अंशांची तूट होती. ती भरून काढायला किलोभर मीठ पुरलं असतं. पण त्यानं तसं केलं नाही. "एकदम घातलं तर जी जगली आहेत तीही मरतील," तो म्हणाला. एकतीसातच का होईना, ती पोवळी आठ महिने राहिली होती. आता खरं पाणी त्यांच्यावर एका दिवसात लोटणं हा त्यांना दुसरा मार ठरला असता. त्यानं एवढंच केलं, की रोज उडणाऱ्या दोन-तीन लिटर पाण्याच्या जागी गोड्याऐवजी पस्तीसाचं खारं पाणी घालायला लागला. रोज तिसऱ्या हिश्श्याएवढा अंश वाढे. दहा-बारा दिवस लागले. रोज तो मापी. पण आता आधी कुपीतलं पाणी आणि मग टाकीतलं. मी परत निघालो त्या दिवशी हिरव्या पोवळ्याची बोटं पुन्हा बाहेर आली होती. जांभळी गेली ती गेलीच.

पश्चात्तापालाही हा नियम लागू आहे, असं मला वाटतं. चूक कळली की माणसाला घाई होते. सगळं मीठ एकदम ओतून मोकळं व्हावंसं वाटतं. पण ती घाई पुष्कळदा स्वतःच्या मनाच्या शांतीसाठी असते, टाकीतल्या जिवांसाठी नसते. मीही गावी जाऊन वर्गापुढे कबुलीजबाब दिला नाही. सहामाहीचे पेपर आले, तेव्हा मुलांची नावं झाकून चाळीस निबंध आमच्याच शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंकडे दिले. त्यांना म्हटलं, "लेखनाच्या चुका मी मोजीन. तुम्ही फक्त काय सांगितलं आहे ते वाचा आणि गुण द्या." मी दिलेले गुण त्यांना दाखवले नाहीत. मग दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या.

वरच्या आळीतल्या मुलांच्या बाबतीत आम्हां दोघांत अर्ध्या गुणाचा इकडेतिकडे फरक होता. बंदरावरच्या मुलांना मी जवळजवळ प्रत्येक वेळी दीड-दोन गुण कमी दिले होते. एखाद्याला नव्हे, सगळ्यांना. रेघ एकोणचाळीसावर होती!

पण मास्तराचं मन सहजासहजी हार मानत नाही. मी स्वतःशी वाद घातला : बाईंचं माप तरी खरं कशावरून? त्या सढळ हाताच्या असतील. भाच्याच्या कुपीवरही हाच आक्षेप घेता येईल. कुपीतलं पाणी पस्तीसाचं हे ठरवलं कुणी? त्याच्या मापाचं माप काय?

या प्रश्नानं शास्त्रज्ञांनाही गेल्या शतकात सतावलं होतं. 'चॅलेंजर' नावाचं जहाज १८७२ ते १८७६ या काळात जगाच्या समुद्रांतून फिरलं. त्यानं आणलेल्या पाण्याचे सत्त्याहत्तर नमुने डिटमार या रसायनशास्त्रज्ञानं तपासले आणि १८८४ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. समुद्र कुठे अधिक खारा, कुठे कमी. तांबडा समुद्र चाळिसाच्या घरात, तर गंगा-ब्रह्मपुत्रेचं पाणी पिऊन बसलेला बंगालचा उपसागर आपल्या अरबी समुद्राहून पुष्कळ अळणी. पण मोकळ्या समुद्रात त्या क्षारांचं एकमेकांशी प्रमाण सगळीकडे जवळपास एकच! तरीही अडचण राहिली. एका देशाचं माप दुसऱ्याच्या मापाशी जुळावं कसं? तेव्हा विसाव्या शतकाच्या आरंभी मार्टिन क्नुडसेन या डॅनिश शास्त्रज्ञाच्या पुढाकारानं कोपनहेगनमध्ये समुद्राचं पाणी नीट तपासून, काचेच्या नळ्यांत बंद करून ते देशोदेशी पाठवण्याची पद्धत सुरू झाली. निरनिराळ्या समुद्रांवरचे लोक आपलं माप या एका पाण्याशी लावून पाहू लागले. पुढे त्यातही उणीव दिसली. एका गावाहून येणाऱ्या पाण्यावर साऱ्या जगानं किती विसंबावं? म्हणून १९७८ साली नवी श्रेणी ठरली : एक किलो द्रावणात ३२.४३५६ ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड विरघळवायचं. पंधरा अंश तपमानाला त्यातून वीज जितकी सहज वाहते, तितकीच ज्या समुद्रजलातून वाहते त्याची क्षारता पस्तीस. म्हणजे ज्याच्याजवळ चांगला काटा आहे आणि शुद्ध द्रव्य आहे, असा कुणीही, कुठेही, तो पस्तीस स्वतः घडवून पाहू शकतो.

मला माझं उत्तर इथं मिळालं. खरं माप म्हणजे आकाशातून पडलेलं माप नव्हे, आणि थोरामोठ्याच्या घरी कुलपात ठेवलेलं मापही नव्हे. जे माप दुसऱ्याला तपासू देतं, ते खरं होत जातं. बाईंचं माप निर्दोष असेल म्हणून ते मला हवं नव्हतं. ते माझं नव्हतं म्हणून हवं होतं. दोन याद्या शेजारी ठेवल्याशिवाय फरक कळत नाही, आणि फरक कळल्याशिवाय तो कुणाच्या बाजूचा आहे, याची चौकशीसुद्धा सुरू होत नाही. सदसद्विवेक हा आतला आवाज आहे, असं आपण म्हणतो. असेल. पण आतला आवाज आतल्याच आवाजाशी ताडून पाहिला, तर तो नेहमी जुळणारच! त्याला अधूनमधून बाहेरच्या थेंबाची गरज असते. आणि तो थेंबही आपण जिथं राहतो, त्याच पाण्यातला हवा.

याचा अर्थ माणसानं रात्रंदिवस स्वतःला मापत बसावं, असा नाही. भाच्याच्या ओळखीत असेही शौकीन आहेत, की दशांशापुढचा आकडा हलला तरी त्यांना जेवण जात नाही. पोवळ्यांना तेवढी चिंता नसते. खुद्द समुद्रही जागच्या जागी थोडा वरखाली होत असतो. आपली रेघ खऱ्याच्या आसपास आहे, एवढं अधूनमधून कुणाकडून तरी पाहून घ्यावं, आणि मग पोवळ्यांकडे बघत बसावं. शेवटी टाकी ठेवायची ती त्यांच्यासाठी, नळीसाठी नव्हे.

गेल्या वर्षी बंदरावर मला तो मुलगा भेटला. मुलगा कसला, तिशी ओलांडलेला गृहस्थ! बर्फाच्या पेट्या उतरवीत होता. मला पाहून त्यानं हात पुसले आणि "सर!" म्हणून पुढे आला. मी त्याला त्या निबंधाबद्दल सांगितलं. म्हटलं, "तुझा निबंध वर्गात सगळ्यांत चांगला होता. मला वाचता आला नाही."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग दर्याकडे बघत म्हणाला, "सर, तेव्हा माका वाटला, माकाच लिवक येना नाय."

त्यावर मला काही बोलता आलं नाही. जांभळी गेली ती गेलीच. माझ्या हातात एवढंच उरलं होतं, की तेव्हापासून प्रत्येक सहामाहीला चाळीस निबंध बाईंकडे जातात. यंदा दोन याद्यांमधला फरक बराच कमी झाला आहे. अजून पुरता गेलेला नाही.

काल संध्याकाळी मी ते गठ्ठे बांधत होतो. स्वयंपाकघरात पोहे परतल्याचा खमंग वास सुटला होता. आई आता सत्तरीच्या पुढे गेली आहे, पण चिवडा दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही. तिनं सवयीप्रमाणे हाक मारली, "अरे, जरा मीठ बघ रे!"

मी आत गेलो. चिमूटभर चिवडा तोंडात टाकला आणि यंदा प्रथमच खरं बोललो.

"आई, थोडं जास्त झालं आहे."

ती जराही रागावली नाही. "तरी म्हटलं!" म्हणाली, आणि परातीत आणखी दोन मुठी पोहे घातले.